सगळं साठवायचं की नेमकं टिपायचं?

तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोठा पंखा फिरवणारी ड्राइव्ह दोन-तीन रात्रींतून एकदा ट्रिप होते. पडद्यावर ‘डीसी बस ओव्हरव्होल्टेज’ एवढाच शेरा उमटतो. सकाळी रीसेट केली की दिवसभर बिनतक्रार चालते. तिथे कोणतं उपकरण लावायचं आणि त्याला काय लक्षात ठेवायला सांगायचं, यावर पनवेलमधल्या एका घरात काका आणि पुतणी यांचं जुंपलं आहे. काकांचं सगळं आयुष्य ऑसिलोस्कोप, रेकॉर्डर आणि मीटर दुरुस्त करण्यात, कॅलिब्रेट करण्यात गेलं. पुतणी तळोज्यातच टेस्ट इंजिनीअर आहे आणि हे कोडं सध्या तिच्या टेबलावर आहे.

तिचं म्हणणं सरळ आहे. “मेमरी स्वस्त झालीये, काका. रात्रभर सगळं रेकॉर्ड करायचं. बिघाड झाला की मागे जाऊन बघायचं. आधीपासून ठरवून बसलं की नेमकं हवं तेच निसटतं.”

“सगळं म्हणजे किती?” काका विचारतात. आणि कागदावर हिशेब मांडतात.

चांगला स्कोप सेकंदाला शंभर कोटी सॅम्पल घेतो. एका सॅम्पलला एक बाइट धरला तरी सेकंदाला एक जीबी. दहा तासांची रात्र म्हणजे ३६,००० सेकंद, म्हणजे ३६,००० जीबी, तेही एका चॅनेलचे. प्रत्यक्षात स्कोपच्या पोटात एवढी जागा नसते. विद्यार्थ्यांच्या आणि छोट्या वर्कशॉपच्या टेबलावर सर्रास दिसणारा रिगोलचा डीएस१०५४झेड घ्या. त्याची मेमरी एक कोटी वीस लाख पॉइंटची. पूर्ण वेगाने चालवला तर ती बारा मिलिसेकंदांत भरते. पन्नास हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच वीस मिलिसेकंदांचं असतं. तेवढंही त्यात पुरतं मावत नाही.

“मी पूर्ण वेगाने कुठे म्हणतेय?” पुतणी म्हणते. “सेकंदाला एक लाख सॅम्पल, दोन बाइटचं एक, चार चॅनेल. सेकंदाला आठशे केबी होतात. दहा तासांचे २८.८ जीबी. डेटा लॉगर थेट लॅपटॉपच्या डिस्कवर लिहील. आठवडाभर चालवलं तरी कुणाला जड जाणार नाही.”

हिशेब बरोबर आहे, आणि इथून वाद खऱ्या अर्थाने सुरू होतो. ‘सगळं’ म्हणत असतानाच तिने वेग दहा हजार पटींनी कमी केला आहे. आता दोन सॅम्पलमध्ये दहा मायक्रोसेकंदांचं अंतर आहे. त्या फटीत काय घडलं याची नोंद तिच्या २८.८ जीबीत कुठेच असणार नाही.

ही फट किती फसवी असते ते काकांच्या पिढीने अंगावर घेतलं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या कॉलेजांत आणि कारखान्यांत टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस २१० पोहोचला. हलका, सुटसुटीत, आणि मेमरी प्रत्येक चॅनेलला फक्त २,५०० पॉइंट. टाइमबेस एका घराला एक सेकंद ठेवला की पडद्यावर दहा सेकंद दिसतात. तेवढ्यांत २,५०० पॉइंट बसवायचे म्हणजे सेकंदाला अडीचशे सॅम्पल. खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला शंभर कोटी’ हा वेग त्या क्षणी कामाचा राहिलेला नसतो. आता चार किलोहर्ट्झने चालू-बंद होणारं ड्राइव्हचं आउटपुट त्याला जोडा. चार हजाराला अडीचशेने भागलं की बरोबर सोळा येतात; म्हणून प्रत्येक सॅम्पल लाटेच्या त्याच जागी पडतं आणि पडद्यावर सरळ रेष दिसते. तीच वारंवारता ४,००१ हर्ट्झ असेल तर सेकंदाला एक हेलकावा घेणारी संथ, देखणी आणि पूर्णपणे खोटी लाट दिसते.

“अशा खोट्या लाटेवरून लोकांनी फिल्टर बदलले आहेत,” काका म्हणतात. “मेमरी कमी होती म्हणून आम्हाला आधी विचार करावा लागायचा. किती वेळ बघायचंय, त्यात सर्वांत जलद गोष्ट कोणती असेल, आणि मग ट्रिगर कुठे लावायचा. तुझ्याकडे जागा आहे म्हणून तू हे प्रश्न पुढे ढकलतेस.”

“पीक डिटेक्ट तेव्हाही होतं, काका. आतलं कन्व्हर्टर जोरात धावत राहतं आणि दर अंतरातलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं मूल्य तेवढं ठेवतं. सरळ रेषेच्या जागी जाड पट्टा दिसला असता आणि कळलं असतं की आत काहीतरी धावतंय.”

काका हे मान्य करतात. पण ते बटण दाबणारे किती, हे त्यांना ठाऊक आहे.

दोघांच्याही बाजूने साक्ष देऊ शकेल असं एक प्रकरण पनवेलशी जोडलेलं आहे. नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोली हायवेजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेचा. ती वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापनं सुरू झाली. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया हलणार, हे ओळखून १९०४ मध्ये मापनाचं काम अलिबागला नेलं गेलं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळेल. उपकरण बदलताना जुनं लगेच बंद करू नये ही शिस्त आज किती जण पाळतात, हा प्रश्न इथे विचारावासा वाटतो.

ते प्रकरण १८५९ चं. तेव्हा कुलाब्याला स्वयंचलित नोंद नव्हती; फोटोच्या कागदावर रेष काढणारी यंत्रं तिथे १८७२ मध्ये आली. निरीक्षक लोंबत्या चुंबकाची स्थिती डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत आकडा लिहायचे. नेहमी तासाला एक वाचन. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर उजेडाचा भडका दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरचा दिवस होता. क्षेत्र विचलित होताच कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासाची लय सोडली आणि पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी वाचनं घ्यायला सुरुवात केली. आडवं क्षेत्र साधारण १,६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळलेलं त्यांनी नोंदवलं. आज अलिबागला हे क्षेत्र ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. त्यावरून त्या घसरणीचा अंदाज यावा. १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लापर्यंत गेला होता.

आता लंडन. तिथल्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर अखंड, स्वयंचलित नोंद चालू होती. सूर्यावरच्या भडक्याच्या क्षणाचा छोटा झटका तिने अचूक टिपला. पण प्रत्यक्ष वादळात रेष कागदाच्या कडेबाहेर गेली. यंत्र चालू होतं, कागद सरकत होता, आणि शिखराची नोंद नव्हती.

“हीच माझी बाजू,” काका म्हणतात. “क्यूकडे अखंड नोंद होती आणि रेंज चुकली. कुलाब्याच्या माणसांनी काय केलं? गडबड दिसली की वाचनं जवळजवळ आणली. ट्रिगर म्हणजे दुसरं काय असतं?”

पुतणी उलट टोकाने पकडते. “पण गडबड दिसली कशी? दिवसरात्र दर तासाला कुणीतरी वाचत होतं म्हणून ना? काही घडेल अशी वाट बघत ते बसले असते आणि मधल्या शांत दिवसांचं काहीच लिहिलं नसतं, तर कुठून किती खाली गेलं हे कशाच्या तुलनेत सांगितलं असतं? आणि या आकड्यांचा उपयोग कधी झाला बघा. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. म्हणजे १४४ वर्षांनी. वही भरणाऱ्याला हा वापर ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मग काय ठेवायचं हे आधी ठरवणारे आपण कोण?”

इथे तिचं पारडं जड आहे. त्या निबंधाच्या चार लेखकांपैकी शेवटची दोघं भूचुंबकत्व संस्थेचीच. आपल्याच पूर्वसूरींच्या वह्या त्यांनी उघडल्या. त्याआधी वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या मापनांचे ग्रंथ १९१० मध्ये छापून ठेवले होते. निव्वळ वादळं वेचून ठेवायची असं कुणी ठरवलं असतं, तर मूस यांना रोजचा चढउतार, ऋतूंचा परिणाम, वर्षांचा कल, यांतलं काही मांडता आलं नसतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग मेमरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. २००६ मध्ये काही संशोधकांनी कुलाब्याच्या त्याच वाचनांची तासाची सरासरी काढली, कारण वादळांचा जागतिक निर्देशांक तासाच्या सरासरीवर बेतलेला असतो. १,६०० चे साधारण ८५० झाले. वही तीच, वादळ तेच, आकडा जवळपास निम्मा. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. एक टोकाचा, एक सरासरीचा. कुलाब्याने पाच मिनिटांची वाचनं फेकून फक्त तासाची सरासरी जपली असती तर १,६०० हा आकडा जगाला कधी कळलाच नसता. शोधून तो परत मिळवता येत नाही.

तळोज्याच्या पॅनेलजवळ हाच प्रसंग रोज घडतो. वीजगुणवत्ता मोजण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०००-४-३०, त्यात पन्नास हर्ट्झला दहा आवर्तनांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा मूळ तुकडा असतो. त्यांचे पुढे तीन सेकंद, दहा मिनिटं, दोन तास असे गठ्ठे बांधतात. जागा वाचवायला अनेक जण दहा मिनिटांचे गठ्ठे तेवढे ठेवतात. आता समजा, १०० मिलिसेकंद वीज पूर्ण गेली. दहा मिनिटांत असे सहा हजार तुकडे. त्यातला एक शून्य. २३० व्होल्टच्या आरएमएस सरासरीत फरक पडतो सुमारे ०.०२ व्होल्ट. कॉन्टॅक्टर सुटला, लाइन थांबली, माल वाया गेला, आणि अहवालात ‘व्होल्टेज स्थिर’. म्हणूनच त्या मानकात पडझड आणि उसळी स्वतंत्रपणे, दर अर्ध्या आवर्तनाला नव्या मूल्याने तपासायला सांगितलं आहे. ती सोय उपकरणात असते. चालू करावी लागते.

“म्हणजे सरासरी आणि ट्रिगर दोन्ही लागतात,” काका म्हणतात.

“पण ट्रिगर म्हणजे अंदाज, काका. ६८० व्होल्टला लावला आणि बिघाडाची सुरुवात ६५० ला झाली तर?”

“तर सुरुवातही मिळेल. डिजिटल मेमरी गोल फिरत असते, जुनं पुसत नवं लिहीत. ट्रिगर पडला की ती थांबते, आणि आधीचं जे पोटात आहे ते तुझंच. मेमरीचा निम्मा भाग आधीच्या काळाला दे. आमच्या कागदी रेकॉर्डरला हे सुख नव्हतं.”

या सुखाची किंमत कोयनेला कळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात धरणाच्या पायाजवळच्या गॅलरीतल्या त्वरणमापकाने सुमारे ०.६३ जी एवढं शिखर नोंदवलं. काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ती नोंद वापरतात. त्या काळची अशी यंत्रं एरवी निपचित असत. फिल्म महिनोन्‌महिने वाया घालवणं परवडणारं नव्हतं. जमीन हलली की चाप सुटायचा आणि फिल्म धावायची. चाप सुटेपर्यंतचा पहिला धक्का मात्र नोंदीत येत नसे. आजची डिजिटल यंत्रं तो भाग गोल फिरणाऱ्या मेमरीतून परत काढतात.

जिथे माहितीचा पूर सर्वांत मोठा, तिथेही निवड टळत नाही. सर्नच्या मोठ्या कोलायडरमध्ये प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. त्यातल्या जेमतेम काही हजार घटना साठवल्या जातात. उरलेल्या कायमच्या गेल्या. पुतणीला हे उदाहरण रुचत नाही. तिथे काय शोधायचं ते हजारो माणसांनी वर्षानुवर्षं ठरवलेलं असतं. तळोज्यात ती एकटी आहे आणि तिला बिघाडाचं रूप माहीत नाही. हा आक्षेप रास्त आहे. ट्रिगर त्यालाच लावता येतो ज्याला काय धरायचं ते थोडंफार कळलेलं असतं.

मग थोडंफार काय कळलंय, तिकडे दोघं वळतात. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर डीसी बस साधारण ५८७ व्होल्ट असते. या जातीच्या ड्राइव्ह ८०० च्या आसपास ट्रिप होतात. बस तिथवर चढायची तर संशयित तीन. पहिला, पंखा मंदावताना मोटर उलटी वीज भरते. हे चढणं दशांश सेकंदांत होतं. दुसरा, सबस्टेशनमधली कपॅसिटर बँक चालू होताना उठणारी लाट. तिची वारंवारता बहुधा तीनशे ते हजार हर्ट्झ आणि आयुष्य एखाद-दोन आवर्तनांचं. ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होण्याचं हे जगभर ओळखलेलं कारण आहे. तिसरा, शेजारच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलने उडवलेल्या, नॅनोसेकंदांत चढणाऱ्या ठिणग्या. त्या बसवर काही करत नाहीत, पण मोजणाऱ्या तारेत घुसून ड्राइव्हला खोटं सांगतात.

पहिल्या दोघांना पुतणीचा लॉगर आरामात पकडेल. तिसरा तिच्या दहा मायक्रोसेकंदांच्या फटीतून निघून जाईल. त्याच्यासाठी काकांचा स्कोप हवा, तोही मेमरीचे तुकडे पाडून: एक ट्रिगर, एक छोटा तुकडा, त्यावर वेळेचा शिक्का, आणि लगेच पुढच्यासाठी तयार. एकच लांब तुकडा ठेवला तर तो भरून पडद्यावर काढेपर्यंत स्कोप आंधळा असतो. हा आंधळेपणा लोकांच्या लक्षात येत नाही. स्कोप सेकंदाला तीस हजार वेळा पडदा भरतो म्हटलं आणि पडद्यावर एक मायक्रोसेकंद मावत असेल, तर सेकंदातले तीस मिलिसेकंदच पाहिले गेले. सत्त्याण्णव टक्के वेळ नजर मिटलेली होती.

एक गोष्ट मध्येच, पण महत्त्वाची. डीसी बस साध्या प्रोबने मोजायची नसते. स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून ‘तरंगता’ स्कोप जोडण्याची सवय अजून अनेक वर्कशॉपांत आहे. तेव्हा स्कोपची धातूची बॉडी बसच्या व्होल्टेजला जाते आणि बटणाला हात लावणारा माणूस मरू शकतो. आयसोलेटेड डिफरन्शियल प्रोब भाड्याने का होईना, पण आणायचा. यावर काका-पुतणीत मतभेद नाही.

शेवटी दोन्ही उपकरणं लावायचं ठरतं. मग पुतणी आणखी एक गोष्ट काढते, आणि काका गप्प होऊन ऐकतात. लॉगरचं घड्याळ आणि स्कोपचं घड्याळ. दोन्ही कधी जुळवली होती? १८५९ च्या नोंदी जुळवताना अभ्यासकांना मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे धरावी लागते. तो फरक नीट ठाऊक आहे म्हणून लंडन आणि मुंबई शेजारी मांडता येतात. तळोज्यात दोन यंत्रांत सात मिनिटांचा फरक असेल आणि तो कुणी लिहून ठेवला नसेल, तर २८.८ जीबीत स्कोपचा तुकडा कुठे बसवायचा? म्हणून रात्री सुरू करण्याआधी दोन्ही घड्याळं फोनच्या वेळेला लावायची, सकाळी दोन्हींची वेळ पुन्हा वाचून फरक लिहायचा.

फाइलचंही ठरतं. स्कोपचा एक कोटी वीस लाख पॉइंटचा तुकडा सीएसव्हीत काढला तर एक्सेल तो पुरता उघडू शकत नाही. त्याच्या ओळी १०,४८,५७६ ला संपतात, आणि उरलेला भाग दिसत नाही हा इशारा घाईत बाजूला सारला जातो. मूळ बायनरी फाइल ठेवायची, पाहण्यापुरता छोटा भाग सीएसव्हीत काढायचा. पडद्याचा फोटो हा डेटा नव्हे. त्यावरून पुन्हा काही मोजता येत नाही. फाइलसोबत एक साधा मजकूर जाईल: सॅम्पलचा वेग, मोड, व्होल्टची रेंज, प्रोबचा गुणक, ट्रिगरची पातळी. प्रोब दहापट आणि स्कोप एकपटीवर राहिला असेल तर ५८७ चे ५८.७ होतात, आणि वर्षभराने ते कोणाला कळणार?

राहिला प्रश्न नंतर काय पुसायचं याचा. काका म्हणतात, प्रत्येक ट्रिपच्या आगेमागे दोन मिनिटं ठेव, बाकी काढून टाक. कंपनीच्या सर्व्हरवर कचरा साठला की कामाचं सापडत नाही. पुतणीला ट्रिप न झालेली एक अख्खी रात्र जशीच्या तशी हवी आहे, कारण बिघाडाची रात्र कशाशी ताडायची ते त्याशिवाय समजणार नाही. एका रात्रीला काका तयार झाले आहेत. ती रात्र साप्ताहिक सुट्टीची घ्यायची, आसपासची यंत्रं बंद असतानाची, की पूर्ण भाराच्या दिवसाची, यावर मात्र अजून बोलणं चालू आहे.